कलम 66-एफचं कूळ

माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66-एफ हे कलम सायबर दहशतवादाचं आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. आमच्या असोद्याची कितीतरी माणसं रोज जळगावच्या एमआयडीसीत जातात. कुणी डाळमिलमध्ये, कुणी चटईच्या, कुणी पाइपच्या कारखान्यात. त्या कारखान्यांच्या मालकांपुढे या कलमाचं नाव काढलं, तर ‘ते दिल्ली-मुंबईचं, आपला काय संबंध?’ असंच उत्तर येईल. संबंध आहे. तो कळायला या कलमाचं कूळ शोधावं लागतं, आणि ते कूळ आपल्याकडे इंटरनेट येण्याच्या आधीचं आहे.

पंजाब पेटलेला असताना, 1985 साली संसदेनं टाडा हा दहशतवादविरोधी कायदा केला. 1987 मध्ये तो नव्यानं आला. त्यातली दहशतवादी कृत्याची व्याख्या अशी: लोकांत दहशत बसवण्याच्या हेतूनं बॉम्ब, डायनामाइट, ज्वालाग्राही पदार्थ, बंदुका, विष वापरून माणसं मारणं किंवा जखमी करणं, मालमत्तेची हानी करणं, किंवा समाजाच्या जगण्याला आवश्यक असलेला पुरवठा आणि सेवा खंडित करणं. 1995 मध्ये टाडाची मुदत संपली. 2002 च्या पोटा कायद्यानं तीच व्याख्या उचलली आणि तिच्या तोंडाशी देशाची एकता, अखंडता, सुरक्षितता आणि सार्वभौमत्व आणून ठेवलं. 2004 मध्ये पोटा रद्द झाला, पण व्याख्या मेली नाही. ती 1967 च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत, राहायला गेली.

आता 66-एफ काढून वाचा. हेतू तोच, परिणामांची यादीही जवळपास तीच. मधली हत्यारं तेवढी बदलली आहेत. बॉम्ब आणि डायनामाइटच्या जागी तीन कृत्यं बसली: अधिकार असलेल्या माणसाला त्याच्याच संगणकातून बाहेर ठेवणं, परवानगीशिवाय संगणकात घुसणं किंवा घुसू पाहणं, आणि त्यात व्हायरससारखं काही सोडणं.

हे कलम ज्या घरात जन्मलं ते घर मात्र व्यापाऱ्याचं होतं. 17 ऑक्टोबर 2000 ला अमलात आलेला माहिती तंत्रज्ञान कायदा संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगानं 1996 मध्ये केलेल्या नमुन्यावर बेतलेला होता. डिजिटल सही ग्राह्य धरावी, इलेक्ट्रॉनिक करार कोर्टात टिकावेत, ही त्याची मुख्य काळजी. 2006 च्या दुरुस्ती विधेयकातही सायबर दहशतवाद नव्हता. संसदेच्या स्थायी समितीनं 2007 मध्ये ही उणीव दाखवून दिली. 26/11 च्या मुंबई हल्ल्यामुळे हे कलम आलं असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे.

उरलेलं अर्धं 2008 च्या पावसाळ्यात मुंबईत घडलं. 26 जुलैला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ईमेल आला. त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोचला. पुढचा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या जाळ्यातून गेला. 13 सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ईमेल चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून. घर, कॉलेज, कंपनी. तिघांचाही कटाशी काही संबंध नव्हता. त्यांच्या इंटरनेट जोडण्या बाहेरच्या कुणीतरी वापरल्या होत्या. पण तपास पहिल्यांदा पोचला तो या तीन पत्त्यांवरच. कंपन्यांनी या कायद्याकडे पाहावं ते चेंबूरच्या त्या कार्यालयात उभं राहून.

डिसेंबर 2008 मध्ये, 26/11 ला महिनाही झाला नसताना, दोन्ही सभागृहांनी हे कलम घातलेलं दुरुस्ती विधेयक जवळपास चर्चेविना मंजूर केलं. 27 ऑक्टोबर 2009 पासून ते लागू झालं. घाईची खूण कलमाच्या दुसऱ्या भागात अजून दिसते. देशाच्या सुरक्षेसाठी किंवा परराष्ट्र संबंधांसाठी राखून ठेवलेल्या माहितीला हात लावणं हा तिथला गुन्हा. पण त्या माहितीच्या संभाव्य गैरवापराची यादी करताना सभ्यता, नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी हे सगळं आत आलं. ही यादी राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(2) मधली आहे. भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी बंधनं घालता येतील हे सांगणारी. बदनामी आणि जन्मठेप एकाच कलमात नांदावीत, हे मला घातक वाटतं. त्याच दुरुस्तीतून आलेलं, आक्षेपार्ह संदेशांबद्दलचं 66-ए सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 ला रद्द केलं, तेही फेसबुकवरच्या मजकुरासाठी झालेल्या पालघरच्या दोन मुलींच्या अटकेनंतर उभ्या राहिलेल्या याचिकेवर. 66-एफच्या दुसऱ्या भागाची छाटणी संसदेनं स्वतःहून करायला हवी.

या कलमाखालची देशातली पहिली म्हणून गणली गेलेली शिक्षाही मुंबईचीच. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन शाळेवर हल्ल्याचा बेत आखल्याबद्दल राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं 2014 मध्ये एका संगणक अभियंत्याला पकडलं. ऑक्टोबर 2022 मध्ये सत्र न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. खोट्या नावाच्या फेसबुक खात्यासाठी त्यानं वापरला होता तो नोकरीवरचा, कंपनीचा संगणक.

अशा प्रकरणात कंपनी आरोपी होते का? 66-एफला हेतू लागतो, त्यामुळे नुसत्या हलगर्जीपणानं कुणी सायबर दहशतवादी ठरत नाही. कंपनीवरचा भार आहे तो या कलमाच्या भावंडांचा. कलम 85 सांगतं की कंपनीकडून या कायद्याचा भंग झाला, तर त्या वेळी कारभार पाहणारा माणूसही दोषी धरला जाईल. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करायचं त्यानंच. (आधी कंपनीला आरोपी करा, मगच संचालकाला, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये स्पष्ट केलं.) 2008 च्याच दुरुस्तीनं कलम 70-बी आणलं आणि सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कायद्याचा आधार दिला. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारचे हल्ले लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचे, संगणक यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपायच्या, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं अधिकृत वेळेशी जुळवून ठेवायची. घड्याळाची अट वरवर किरकोळ वाटते. पण दोन यंत्रांच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक असला, तर रात्री आत कोण आधी शिरलं हे कोर्टात सांगता येत नाही. लोकांची वैयक्तिक माहिती सांभाळण्यात कसूर केली, तर 2023 च्या नव्या कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

टाडातल्या ‘आवश्यक पुरवठा आणि सेवा’ या शब्दांनाही आज वेगळा अर्थ आला आहे. जून 2017 मध्ये नॉटपेट्या व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर कोलमडली, तेव्हा न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. हल्ल्याचा रोख युक्रेनवर होता. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली. राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. भुसावळजवळच्या दीपनगरला वीज तयार होते ती आता संगणकांच्या देखरेखीखाली. आमच्या विहिरींवरचे पंप विजेच्याच जोरावर चालतात.

म्हणून कायद्यानं डाळमिलवाल्याकडून 6 तासांची अपेक्षा ठेवावी, हे मला मान्य आहे. मात्र रात्री दोनला त्याचा संगणक बंद पडतो, पडद्यावर खंडणीची मागणी झळकते, तेव्हा त्याच्याजवळ असतो तो संध्याकाळी टॅलीत नोंदी करून घरी गेलेला एक मुनीम. जळगावला सायबर पोलीस ठाणं आहे, पण तिथं दिलेली तक्रार म्हणजे सर्ट-इनला दिलेली खबर नव्हे. दोन्हीकडे वेगवेगळं कळवावं लागतं. एकाच ठिकाणी, मराठीत खबर द्यायची आणि ती दोन्हीकडे पोचायची, एवढी सोय एमआयडीसीच्या प्रत्येक कार्यालयात हवी. तोवर मालकानं आजच करायच्या गोष्टी अशा: वाय-फायचा पासवर्ड बदलायचा, काम सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंद करायचं, आणि हिशेबाची एक प्रत इंटरनेटला न जोडलेल्या डिस्कवर काढून कुलुपात ठेवायची.