उघड्या दाराची प्रार्थना

पुणं, साल १८९३, पावसाळा. पहाट नुकती फुटते आहे. टांगा पेठा मागे टाकून बंगल्यांच्या भागाकडे वळतो. तुम्ही 'शारदा सदन' म्हणताच टांगेवाला मान वळवून तुम्हाला नीट न्याहाळतो, कारण हल्ली तिकडे जाणारा माणूस एक तर मुलीला परत न्यायला आलेला असतो, नाही तर भांडायला. तुमच्या मांडीवर 'केसरी'चा अंक आहे. त्यात हे सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंवर झोड उठली आहे. विधवा मुलींना शिकवण्याच्या नावाखाली ही बाई त्यांना ख्रिस्ती करते, असा आरोप आहे. टिळकांची भाषा बोचरी आहे आणि सारं शहर ती मिटक्या मारत वाचतं आहे.

फाटकातून आत या. इथे तुम्हाला कोणी अडवणार नाही. अंगणात एक मुलगी तुळशीला पाणी घालते आहे, दुसरी तिच्या पोथीतलं काही पुटपुटते आहे. स्वयंपाकघरातलं सोवळंओवळं जातीच्या नियमांप्रमाणे चाललं आहे, स्वयंपाकाला ब्राह्मण बाई आहे. ओटीवर पाटी घेऊन बसलेल्या पोरीकडे पाहा. वय असेल अकरा-बारा. डोक्यावर केस आत्ता कुठे बोटभर वाढलेत. हिचा नवरा वारला तेव्हा हिला लग्न म्हणजे काय तेही ठाऊक नसेल. इथे ती बाराखडी लिहिते, आणि ओळ चुकली की स्वतःच पुसते. याच सदनाची १८८९ मधली पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. याच वर्षीच्या मार्चमध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि ती आनंदीबाई झाली. पुण्याने तोंडात बोटं घातली होती, तो गदारोळ अजून शमलेला नाही.

आता त्या कोपऱ्यातल्या खोलीकडे या. ज्या खोलीवरून शहर पेटलंय, ती हीच.

पस्तीस वर्षांची एक बाई खाली बसली आहे. पांढरं लुगडं, कातरलेले केस, घारे डोळे. शेजारी बारा वर्षांची मुलगी, मनोरमा. मांडीवर बायबल. रमाबाई वाचतात आणि मग मोठ्याने, साध्या मराठीत प्रार्थना करतात. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे तुम्ही दारात उभे आहात हे त्यांना कळलेलंही नाही. दार सताड उघडं आहे. बाहेरच्या दोन-तीन मुली येऊन उंबऱ्याशी बसतात. त्यांना कोणी बोलावलेलं नाही. त्या उठून गेल्या तरी कोणी हाक मारणार नाही.

एवढाच तो गुन्हा.

सदनाच्या सल्लागार मंडळींचं म्हणणं साधं आहे. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ही या शहरातली सर्वांत शहाणी माणसं. बाईंनी ख्रिस्ती असायला त्यांची हरकत नाही. फक्त प्रार्थनेच्या वेळी दार लावून घ्यावं, मुलींना आत येऊ देऊ नये. त्यांची अडचण खोटी नव्हती, हे मी मोकळेपणाने लिहितो. सदन धर्माच्या बाबतीत कोणावर दडपण आणणार नाही, या भरवशावर लोकांनी लेकी पाठवल्या होत्या आणि त्या भरवशाला रानडे-भांडारकरांनी आपली नावं दिली होती. तरीही माझा कौल रमाबाईंच्या बाजूने आहे. त्यांचं उत्तर असं होतं की, ज्या घरात प्रत्येक मुलीला आपली पूजा आणि आपली पोथी उघडपणे करण्याची मोकळीक आहे, त्या घरात माझ्याच खोलीत माझ्या देवाचं नाव मी चोरून का घ्यावं?

त्या दार लावत नाहीत. ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळी राजीनामे देऊन मोकळी होतात, आणि वीस-पंचवीस मुली पालकांच्या हाताला धरून फाटकाबाहेर पडतात. तुम्ही तिथेच उभे राहा. एक मुलगी जाताना रडते आहे, तिचा काका तिला ओढतो आहे. ती कुठे चालली आहे हे तिलाही माहीत आहे, तुम्हालाही. रमाबाई व्हरांड्यात उभ्या आहेत. दार लावलं असतं तर ही पोर वाचली असती का, हा प्रश्न त्यांनाही पडला असणारच. पण हे धाडस कशाच्या बळावर उभं आहे, तेही पाहायला हवं. त्यासाठी मागे चला.

झेलम नदीचा काठ. कडाक्याची थंडी. रमाबाई अजून विशीही न ओलांडलेल्या आहेत, सोबत भाऊ श्रीनिवास. अंगावर पांघरूण नाही, पोटात अन्न नाही. ती दोघं हातांनी वाळू उकरतात. तुम्ही जवळ जाऊन पाहता, तर माणूस मावेल एवढे दोन लांबट खड्डे झालेत, थडग्यासारखे. त्यात ती आडवी होतात आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतात. बाहेर फक्त दोन डोकी. अशी रात्र काढायची.

१८७४ ते १८७७ च्या दुष्काळात या मुलीने वडील गमावले, मग आई, मग थोरली बहीण. वडील अनंतशास्त्री डोंगरे जाडे विद्वान होते. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला होता. आईने मुलीला भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ करवले. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत होतं, दान देत होतं, व्रतं करत होतं. रमाबाईंनी पुढे लिहिलं त्यातलं मला सर्वांत जड वाटतं ते हे : देवळांच्या दारांत त्यांनी होतं नव्हतं ते सारं वाहिलं, आणि तरी उपाशीपोटी एकेक माणूस गेलं. मागे उरलेल्या दोघांचा त्या देवांवरचा विश्वास तिथेच गळून पडला.

तिथून १८७८ मध्ये कलकत्ता. तिथले पंडित या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतात आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देतात. हा भाग तुम्ही शाळेत वाचलाय, म्हणून मी तिथे थांबत नाही. १८८० मध्ये भाऊ जातो. त्याच वर्षी त्या बिपिनबिहारी मेधवींशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न करतात, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही पटकीने जातात. कडेवर दहा महिन्यांची मनोरमा. नवऱ्याच्या पुस्तकांत बंगालीतलं एक लहानसं लूककृत शुभवर्तमान सापडलं होतं. मग त्या पुण्याला येतात, आणि पुढे विलायतेला जातात.

आता वॉन्टेज, इंग्लंड, १८८३. सेंट मेरीच्या भगिनींचा मठ. लंडनजवळच्या फुलहॅममध्ये या भगिनी रस्त्यावरून उचललेल्या, समाजाने टाकलेल्या बायांसाठी आसरा चालवतात. तो पाहून रमाबाई थक्क होतात. अशा बाईला आपल्या शास्त्रात जागा नाही, आणि इथे तिची वेणीफणी करून तिला सुईदोरा शिकवतात. हे कोणाकडून शिकलात, असं विचारल्यावर त्यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय येतो. भर दुपारी विहिरीशी आलेली शोमरोनी बाई, पाच नवऱ्यांची, जातीने हलकी मानलेली, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी धर्माबद्दल बोलत बसलेला येशू. त्या वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाई आणि मनोरमा बाप्तिस्मा घेतात.

पुण्यात बातमी पोचते तेव्हा रमाबाई विकली गेली असं बोललं जातं. जोतीराव फुले मात्र १८८५ मध्ये 'सत्सार' काढून तिच्या बाजूने उभे राहतात. जे लोक तिला गोऱ्यांची बाहुली म्हणत होते, त्यांना मी वॉन्टेजच्या मठात नेऊन बसवलं असतं. तिथे सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाईंमध्ये पत्रांची लढाई चालली आहे. भगिनींना आज्ञाधारक शिष्या हवी आहे. ही मात्र त्रैक्याबद्दल प्रश्न विचारते, अंडं-मांस खात नाही, गळ्यात लॅटिन अक्षरांचा क्रूस घालायला तयार नाही. देव लॅटिनलाच ओ देतो का, संस्कृताने काय घोडं मारलंय, असा तिचा सवाल आहे. चेल्टनहॅमच्या कॉलेजात तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं हिंदुस्थानातले बिशप कळवतात. तेही तिला पटत नाही. बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याचा बेत मोडला आहे, पैसा दुसऱ्यांचा आहे, मुलगी त्यांच्याकडे आहे, आणि तरी ती लिहून कळवते की सद्सद्विवेक माझा आहे आणि तो मी कोणा धर्मगुरूच्या खिशात ठेवणार नाही. शब्द माझे आहेत, भाव तिचा.

धर्म बदलला पण कोणाची गुलामगिरी बदलून घेतली नाही, हे तिच्या दोन्ही बाजूंच्या टीकाकारांना कधी समजलंच नाही. पुढे १८९१ च्या सुमाराला तिच्या आत आणखी काही घडतं. बाप्तिस्म्याने मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त आत्ता मिळाला, असं तिने स्वतः सांगितलंय. १८९३ मधली ती खोली या कबुलीनंतरची आहे. सत्य नुकतंच हाती आलंय आणि ते कोणापासून झाकायचं, हेच तिला उमजत नाही.

आता पुढे, केडगाव. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर. सदनाच्या उत्पन्नासाठी रमाबाईंनी इथे शंभर एकर माळ घेतला होता. १८९६-९७ चा दुष्काळ पडतो तेव्हा त्या मध्य प्रांतात जातात. लहानपणची भूक त्यांनी पाहिलेली आहे. टोळ्या करून पोरी पळवणारे दलाल कसे वावरतात तेही ठाऊक आहे. जवळजवळ तीनशे मुली घेऊन त्या परततात. गाडीतून उतरणाऱ्या या मुलींकडे पाहा. हातपाय काटक्या, पोटं फुगलेली, केसांत उवा, डोळे कोणावर ठरत नाहीत. एक मुलगी भाकरी दिल्यावर खात नाही, पदरात लपवते, कारण उद्या मिळेल यावर तिचा विश्वास नाही. पुण्यात प्लेगची बंदी असल्याने त्यांना शहरात ठेवता येत नाही, तेव्हा माळावर तात्पुरती छपरं उभारून त्यांना निवारा द्यावा लागतो.

त्याच वर्षी रमाबाई इंग्रज सरकारवरही उठतात. प्लेगच्या सरकारी इस्पितळात आणि वेगळ्या ठेवण्याच्या जागी बायांची कशी दुर्दशा होते, त्यांच्याच एका मुलीचं काय झालं, हे त्या मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन'मध्ये नावानिशी लिहितात. तो गाजावाजा लंडनच्या पार्लमेंटपर्यंत जातो. गव्हर्नर सँडहर्स्ट त्यांचं म्हणणं चुकीचं ठरवतात. रमाबाई मागे हटत नाहीत. ज्यांचा धर्म तिने घेतला असं लोक म्हणत होते, त्यांच्याच तोंडावर तिने हे सांगितलं, हे इथल्या इतिहासात पुरेसं मोजलं गेलेलं नाही.

१९०० पर्यंत केडगावच्या या माळावर उभ्या राहिलेल्या 'मुक्ती' आश्रमात दीड-दोन हजार माणसं जेवतात. दूध, तेलघाणा, हातमाग, बाग, अंध मुलींसाठी ब्रेल. आणि 'कृपा सदन', फुलहॅमसारखं, समाजाने टाकलेल्या बायांचं घर.

थोडं आणखी आत या, छापखान्यात. इथे खिळे जुळवणाऱ्या बाया आहेत. डाव्या हातात पट्टी, उजवा हात खणांवरून फिरतो, काना, वेलांटी, जोडाक्षरं. यातली एखादी दुष्काळातून आली तेव्हा तिला 'क' माहीत नव्हता. बाजूच्या खोलीत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक पुस्तकं उघडून बसल्या आहेत. पन्नाशीच्या आसपास त्या दोन्ही भाषा शिकल्या, कारण मराठी बायबल त्यांना सामान्य बाईला कळेल असं वाटेना. शब्द सोपा हवा, दळताना, विहिरीवर ऐकला तरी कळेल असा. हे काम वर्षानुवर्षं चालतं. बाहेरच्या बाया मुद्रितं आणून देतात, त्या दुरुस्त्या करतात, पुन्हा जुळवणी. ऐकू आता फारच कमी येतं. मनोरमा, जिच्यावर सारी भिस्त होती, ती जुलै १९२१ मध्ये जाते. रमाबाई तरीही काम थांबवत नाहीत.

५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. केडगावच्या छापखान्यात बायांनीच जुळवलेलं ते संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. मुक्ती मिशन आजही केडगावला चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी पकडलीत, तर उतरून पाहून या.