२२-ई आणि २२-एफ : एकाच खोक्यातला ट्रॅक्टर आणि रणगाडा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. मधले हुंकार आणि थांबे काढले आहेत, बाकी बोली तशीच ठेवली आहे.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. खेळण्यातले जुने ट्रॅक्टर, नांगर, लष्करी ट्रक आणि रणगाडे जमवणं आणि त्यांची नीट यादी करणं. इतिहासाच्या पॉडकास्टवर हे कशाला? तर माझं म्हणणं असं की विसाव्या शतकातली युद्धं आणि त्यांच्यामधली शांतता समजून घ्यायची असेल, तर ही यादी एक चांगलं साधन आहे. अट एकच, यादी नीट केलेली हवी.

सुरुवात करू १९३३ सालापासून. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात बिन्स रोडवर मेकॅनो कंपनीचा कारखाना होता. तिचे संस्थापक फ्रँक हॉर्नबी. कंपनीच्या खेळण्यातल्या रेल्वे तेव्हा लोकप्रिय होत्या. रेल्वेच्या देखाव्यात शोभतील अशी छोटी वाहनं हवीत, म्हणून १९३३ च्या अखेरीस त्यांनी सहा वाहनांचा संच काढला. संच क्रमांक २२. त्यात ए ते एफ अशी अक्षरं. स्पोर्ट्स कार, कूपे, ट्रक, माल पोचवणारी व्हॅन, आणि शेवटची दोन म्हणजे २२-ई शेतीचा ट्रॅक्टर आणि २२-एफ लष्करी रणगाडा. १९३४ मध्ये या मालिकेला 'डिंकी टॉइज' हे नाव मिळालं आणि पुढे ते जगभर गाजलं.

आता बघा, त्या पहिल्याच संचात ट्रॅक्टर आणि रणगाडा शेजारी शेजारी आहेत. हे शेजारपण कंपनीने इतिहासाचा विचार करून दिलं असेल असं मला वाटत नाही. पण इतिहासात ही दोन वाहनं खरोखरच सख्खी भावंडं आहेत.

पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५ मध्ये ब्रिटनला असं वाहन हवं होतं जे चिखल, खंदक आणि काटेरी तारा ओलांडून जाईल. ते बनवायचं काम मिळालं लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर अँड कंपनीला. ही कंपनी काय करायची? मळणीयंत्रं आणि शेतीची इतर अवजारं! विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन या दोघांनी तिथे जे पहिलं वाहन उभं केलं, त्याचं नाव 'लिटल विली'. त्याचे पहिले साखळीपट्टे शिकागोच्या बुलक कंपनीकडून आले, आणि ही कंपनी ट्रॅक्टर बनवायची. गुप्तता राहावी म्हणून या यंत्राला 'टँक' म्हणजे पाण्याची टाकी म्हणायचं ठरलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत रणगाडे पहिल्यांदा उतरले. म्हणजे शेत नांगरायला जन्मलेलं तंत्र फिरून शेतांवरच आलं, फक्त त्या शेतांमध्ये आता खंदक होते.

त्यामुळे संग्राहक जेव्हा म्हणतो की "मी फक्त शेतीची वाहनं जमवतो" किंवा "मी फक्त मिलिटरी", तेव्हा तो एकाच घरातली दोन माणसं वेगळी करत असतो. जागा आणि पैसा मर्यादित असतो, त्यामुळे त्याचं म्हणणं मला समजतं. पण यादी करताना ही भिंत घातली की गोष्टीचा अर्धा भाग हरवतो. कसा, ते दुसऱ्या एका कंपनीच्या उदाहरणावरून सांगतो.

लंडनची ब्रिटन्स कंपनी. १८९३ मध्ये या घराण्याने शिशाचे सैनिक पोकळ ओतायची युक्ती काढली. साच्यात वितळलेला धातू ओतायचा, कडेचा थर थिजला की उरलेला लगेच ओतून टाकायचा. सैनिक आतून पोकळ, म्हणून हलका आणि स्वस्त. भरीव सैनिक विकणाऱ्या जर्मन कारखान्यांना ही जबरदस्त स्पर्धा होती. वीसेक वर्षं ब्रिटन्स म्हणजे फौज, घोडदळ आणि तोफा असंच समीकरण होतं. मग पहिलं महायुद्ध झालं. घरोघरी कुणीतरी परत न आलेलं. अशा घरात पोराच्या वाढदिवसाला सैनिकांचं खोकं कोण नेणार? १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने शेतीची मालिका बाजारात आणली. गाई, मेंढ्या, शेतकरी, कुंपणं आणि गाड्या.

या मालिकेतल्या गाड्या आणि अवजारांच्या क्रमांकापुढे 'एफ' लागतो, फार्म या शब्दाचा. ४-एफ ही दोन चाकी घोडागाडी, ५-एफ मोठी शेतगाडी, ६-एफ नांगर, ८-एफ गवत गोळा करायचा दंताळ, ९-एफ जमीन दाबायचा रूळ. सगळं घोड्याने ओढायचं. आणि मग याच यादीत १९४८ मध्ये येतो १२७-एफ, फोर्डसन मेजर ट्रॅक्टर, चालकासकट, धातूच्या चाकांचा. त्याच्या पाठोपाठचा १२८-एफ म्हणजे तोच ट्रॅक्टर रबरी टायरवर. खरा फोर्डसन मेजर १९४५ पासून डॅगनमच्या कारखान्यातून बाहेर पडत होता. खेड्यातला घोडा जाऊन यंत्र कसं आलं, हे या चार-पाच क्रमांकांत दिसतं. त्यासाठी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडायची गरज पडत नाही.

मधली काही वर्षं मात्र यादी रिकामी आहे, आणि तो रिकामेपणासुद्धा पुरावाच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धातूची खेळणी बनवण्यावर बंदी आली. जे कारखाने खेळण्यातल्या तोफा ओतत होते, ते खऱ्या युद्धाची कामं करू लागले. युद्ध संपल्यावर उलटा प्रवास सुरू झाला. अमेरिकेत आयोवा राज्यात फ्रेड अर्टल नावाच्या गृहस्थाने १९४५ मध्ये घराच्या तळघरात वाळूच्या साच्यांत खेळण्यातले ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. ॲल्युमिनियम कुठून आणलं? युद्धात उरलेल्या विमानांचे पिस्टन वितळवून! पुढे अर्टल कंपनी डायर्सव्हिल गावी गेली आणि खेळण्यातल्या ट्रॅक्टरांचं मोठं नाव झाली. त्या गावात आज खास शेती खेळण्यांचं संग्रहालय आहे.

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे, म्हणजे यादी करण्याकडे येऊ. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे 'यादी' म्हटलं की डोक्यात आधी डेटाबेस येतो. नवीन संग्राहक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे कंपनीचा क्रमांक हीच ओळख, म्हणजे प्रायमरी की, धरतो. पहिल्याच आठवड्यात त्याची पंचाईत होते. डिंकीने १९५४ मध्ये सगळी जुनी अक्षरं टाकून नवे आकडे दिले. २७-ए मॅसी-हॅरिस ट्रॅक्टर झाला ३००. २७-एन फील्ड मार्शल ट्रॅक्टर झाला ३०१. २७-बी सुगीचा ट्रेलर झाला ३२०. खेळणं तेच, साचा तोच, क्रमांक दोन. उलटही होतं. मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन या खऱ्या कंपन्या १९५३ मध्ये एकत्र आल्या आणि १९६० च्या दशकात त्याच ३०० क्रमांकावर मॅसी-फर्ग्युसन हे नाव आलं. आपल्याकडे गावोगावी ज्याला नुसतं 'मॅसी' म्हणतात, तेच हे नाव. म्हणजे एक क्रमांक, दोन नावं.

उपाय संग्रहालयवाल्यांनी कधीच शोधून ठेवलाय. प्रत्येक वस्तूला आपला स्वतःचा चालू नंबर द्यायचा. तो कधी बदलायचा नाही आणि वस्तू विकली तरी दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. कंपनीचा क्रमांक, नाव आणि साल हे सगळे त्या नंबराचे नुसते रकाने. मग पुढचे रकाने असे : तळावर काय कोरलंय? चाकं धातूची, रबरी की प्लास्टिकची? चालक धातूचा की प्लास्टिकचा? रंग मूळ आहे का? कुठला भाग बदललाय? खोकं आहे का, आणि असल्यास त्यावर कुठला क्रमांक आहे? उदाहरणार्थ, २२ क्रमांकाच्या सुरुवातीच्या वाहनांवर डिंकीऐवजी 'हॉर्नबी सिरीज' असं कोरलेलं सापडतं. तेवढ्या दोन शब्दांवरून वस्तू मालिकेच्या अगदी पहिल्या काळातली आहे हे कळतं. म्हणून जुनं वाहन हातात आलं की आधी उलटं करून बघावं.

आणि एक रकाना मी आग्रहाने सांगेन : 'खरं वाहन'. या खेळण्याने ज्याची नक्कल केली, त्या खऱ्या यंत्राचं पुढे काय झालं? याचं एक आपल्या जवळचं उदाहरण देतो. १९५४ नंतरच्या डिंकीच्या यादीत साधारणपणे ३०० च्या घरात शेती आणि ६०० च्या घरात लष्कर. ६५१ म्हणजे सेंच्युरियन रणगाडा. इंग्लंडमधल्या पोराच्या गालिच्यावर फिरणारा हा रणगाडा खऱ्या रूपात भारतीय सेनेकडेही होता. १९६५ च्या युद्धात फिल्लोराच्या भागात पूना हॉर्सचे सेंच्युरियन लढले. हेच ते पथक, जे १८१७ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहानंतर उभं राहिलं. त्याचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, जन्म मुंबईचा, जखमी असूनही मागे हटले नाहीत आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हा रकाना भरला की बोटभर लांबीच्या धातूच्या तुकड्याकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो.

दुसरं उदाहरण लँड रोव्हरचं. युद्धातून उरलेली जीप रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर वापरत. त्यातूनच कल्पना निघाली आणि १९४८ मध्ये शेतकऱ्यांसाठी लँड रोव्हर आली. डिंकीने तिला शेतीच्या २७ मालिकेतच घातलं : २७-डी, पुढे ३४०. पण तीच गाडी सेनेतही भरती झाली आणि १९७० च्या दशकात डिंकीने ६०४ क्रमांकावर बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाची लँड रोव्हर काढली. आता सांगा, ही गाडी कुठल्या खणात ठेवायची? शेती की मिलिटरी? खण केले की कुणातरी एकावर अन्याय होणार. त्यापेक्षा एकच तक्ता ठेवावा आणि प्रत्येक वस्तूला हव्या तेवढ्या चिठ्ठ्या लावाव्यात. मग तुम्ही कधीही 'शेतातून युद्धावर' गेलेली किंवा 'युद्धावरून शेतात' आलेली वाहनं वेगळी काढून बघू शकता. दोन वेगळ्या वह्या ठेवणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

हे सगळं घाईने करायला हवं, कारण वस्तू टिकणाऱ्या नाहीत. डिंकीने लवकरच शिसं सोडून जस्ताचा मिश्रधातू घेतला. त्या काळात या मिश्रणात शिशाचा थोडासा जरी अंश मिसळला, तरी धातू आतून सडायचा. आधी बारीक भेगा पडतात, मग वस्तू फुगते, वाकते आणि शेवटी भुगा होतो. दमट आणि उष्ण हवेत हे लवकर होतं, म्हणजे मुंबई-कोकणात विशेष जपावं लागतं. यावर औषध नाही. शिशाच्या वस्तूंचा शत्रू वेगळा. ओकसारख्या लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिशावर पांढरी भुकटी आणते, त्यामुळे देखणं लाकडी कपाटच घात करतं. आणि हो, जुनं शिसं आणि जुना रंग लहान मुलांच्या हातात, तोंडात अजिबात जाऊ देऊ नका. हाताळल्यावर आपणही हात धुवावेत.

निसर्गाइतकाच मोठा शत्रू म्हणजे हौस. खरचटलेला ट्रॅक्टर बघून हात शिवशिवतात आणि माणूस रंगाचा डबा उघडतो. पण त्या रंगाची छटा, त्याचे ओरखडे, तळावरची अक्षरं हाच तर दस्तऐवज आहे. याचा एक पुरावा भारतातच सापडतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि तिथून 'निकी टॉइज' नावाने गाड्या निघू लागल्या. त्यांच्या तळावर डिंकीचं नाव खोडून निकी केलेलं असतं. त्या ओबडधोबड खाडाखोडीत साच्याचा लिव्हरपूल ते कलकत्ता प्रवास वाचता येतो. कुणी तो तळ घासून चकचकीत केला, की गाडी छान दिसेल आणि प्रवास पुसला जाईल.

लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. ब्रिटन्सचे पोकळ शिशाचे सैनिक त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात थांबले. नवे पुरावे आता तयार होणार नाहीत. आहेत त्यातले काही दर वर्षी भुगा होतात, काही रंगाखाली जातात. २२-ई आणि २२-एफ जेव्हा फुटून जातील, तेव्हा उरेल ती फक्त कुणीतरी नीट केलेली नोंद : चाकं कसली होती, तळावर काय लिहिलं होतं, शेजारी कोण होतं.

तर मंडळी, तुमच्या माळ्यावर किंवा आजोळच्या ट्रंकेत असं एखादं वाहन असेल, तर पुसायच्या आधी उलटं करा, दोन फोटो काढा आणि तळावरची अक्षरं जशीच्या तशी उतरवून ठेवा. एक वही पुरते. काय सापडलं ते आम्हालाही कळवा. भेटूया पुढच्या भागात!