अंगणवाडीच्या ताटातले आकडे आले कुठून?

परवा आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत गेलो होतो. भिंतीवर आहाराचा तक्ता होता: रोज ५०० कॅलरी, १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. खाली पोरं खिचडी खात बसलेली. पोराला सोडायला आलेल्या एका बापाने विचारलं, "दादा, हे आकडे ठरवतं कोण?" तिथं मला धड सांगता आलं नाही, म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वाचा.

मुळात 'अंगणवाडी' आपल्याच जिल्ह्यातली. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. बालवाडी सुरू झाली, पण हरिजनवाड्यातली पोरं तिथवर येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गाणी-गोष्टींच्या आधी पोरांची अंघोळ, नखं, केस. आज सेविका ताई जेवणाआधी हात धुवून घेतात ना, ती रीत तेव्हापासूनची.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राने एकात्मिक बाल विकास योजना आणली, देशभरात फक्त ३३ प्रकल्प. पूरक आहार, लसीकरण, तपासणी, शिक्षण एकाच ठिकाणी. तेव्हा आहाराचं माप होतं ३०० कॅलरी आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिनं.

माप होतं, पण ते पोरापर्यंत पोचलंच पाहिजे असं बंधन कोणावर नव्हतं. जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं दगावली, मेळघाटात दगावली, तेव्हा ही योजना सतरा-अठरा वर्षांची झाली होती. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ते दिवस सांगायला नकोत.

बदल झाला कोर्टामुळे. २००१ साली पीयूसीएल अन्नाच्या हक्कासाठी सुप्रीम कोर्टात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने तेच ३०० कॅलरीचं माप पोराचा हक्क ठरलं. २००६ ला कोर्टाने १४ लाख अंगणवाड्या उभारायला सांगितल्या. २००९ ला माप ५०० कॅलरीवर गेलं, तीव्र कुपोषित पोरांसाठी ८००. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ते छापून आलं. तक्त्यावरचे आकडे हे असे आले.

मला मात्र २००४ चा आदेश सगळ्यात मोलाचा वाटतो. कोर्ट म्हणालं, पोरांच्या आहारात ठेकेदार नको. तरी आपल्या राज्यात २०१६ साली टेंडरच्या अटी अशा घातल्या गेल्या, की गावातले महिला बचतगट बाहेर राहावेत आणि मोठ्यांचं फावावं. बायका थेट दिल्लीपर्यंत लढल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते टेंडर रद्द केलं. ही बातमी किती जणांनी वाचली असेल कोण जाणे!

आता पैशाचं बघा. २०१७ साली केंद्राने दर ठरवला, एका पोरामागे दिवसाला ८ रुपये. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे १२ ग्रॅमला दोन अंडी. आमच्या नाक्यावर अंडं सात रुपयाला आहे. धान्य स्वस्तात मिळतं हे मान्य, डाळ-कडधान्यावर भागतंही. पण त्या दिवशी खिचडीत मला डाळ शोधावी लागली.

तुमच्या पाड्यावर तक्ता लावलाय का? आणि ताटात काय असतं? खाली लिहा, जमलं तर फोटोही टाका. फक्त पोरांचे चेहरे नकोत, ताटाचा पुरे.