‘लोक’ कोणाला म्हणावे?

‘पॉप्युलिझम’ या शब्दासाठी मराठीत ‘लोकानुनय’ आणि ‘लोकरंजनवाद’ असे दोन प्रतिशब्द रूढ आहेत. हिंदीत ‘लोकलुभावनवाद’ म्हणतात. अनुनय म्हणजे मनधरणी, रंजन म्हणजे खूश करणे. तिन्ही शब्द असे धरून चालतात की लोक आधीपासून आहेतच आणि पुढारी फक्त त्यांची मर्जी राखतो. अनुवाद करताना माझी अडचण इथेच होते. 23 जून 2016च्या ब्रिटिश सार्वमतानंतर नायजेल फराज यांनी निकालाला खऱ्या माणसांचा विजय म्हटले. मग विरोधात मत देणारे 48 टक्के कोण होते? यान-व्हेर्नर म्युलर या जर्मन अभ्यासकाने पॉप्युलिझमचे लक्षण नेमके हेच मानले आहे: खऱ्या लोकांच्या वतीने बोलण्याचा हक्क फक्त आमचा, हा दावा. या दाव्यात मनधरणी दुय्यम असते. लोकांत कोणाला धरायचे आणि कोणाला वगळायचे, हे आधी ठरते.

मराठी वाचकाला हे समजून घ्यायला ब्रिटनपर्यंत जावे लागत नाही. 30 ऑक्टोबर 1966 रोजी शिवाजी पार्कवर शिवसेनेचा पहिला मेळावा झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, पंजाबची फेररचना होऊन मी राहते ते चंदीगड केंद्रशासित झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच होता: भाषेवरून लोक कसे मोजायचे?

मुंबईत याला दहा वर्षांची पार्श्वभूमी होती. 1956 साली स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत एस. एम. जोशी, डांगे, अत्रे आणि प्रबोधनकार ठाकरे एकत्र होते. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी ती चळवळ गिरणगावात घरोघरी नेली. तिथला ‘मराठी माणूस’ प्रामुख्याने कामगार होता आणि त्याचा रोख सरकारवर आणि भांडवलावर होता. गुजराती भाषकांविषयीची कटुताही त्या चळवळीत होती, हे नाकारता येत नाही; पण बोट मुख्यतः वर रोखलेले होते.

1 मे 1960 रोजी राज्य मिळाले. कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांचे चित्र मात्र तेच राहिले. इंग्रजी शिक्षण आणि टंकलेखनात पुढे असलेले दाक्षिणात्य तरुण तिथे मोठ्या संख्येने होते, तेव्हा तक्रारीला काही आधार होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’ने टेलिफोन डिरेक्टरीतून कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांची नावे काढून छापायला सुरुवात केली. सदराचे शीर्षक होते ‘वाचा आणि थंड बसा’. आडनावांची यादी एवढाच मजकूर, पण त्याने वाचणारा कोण आणि परका कोण हे ठरवून टाकले. वर रोखलेले बोट आता शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडे वळले. ‘मराठी माणूस’ हे शब्द बदलले नाहीत, त्यांचा अर्थ बदलला. पुढे जून 1970 मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत त्यांची जागा शिवसेनेने जिंकली. देसाईही मराठीच होते.

पंजाबात यादीचे काम जनगणनेच्या रकान्याने केले. पंजाबी सुब्याच्या मागणीवरून वाद इतका चिघळला होता की 1951च्या जनगणनेत तिथल्या हिंदी आणि पंजाबी भाषकांचे आकडे वेगळे दिलेच गेले नाहीत. 1961 साली घरात पंजाबी बोलणाऱ्या अनेक हिंदूंनी मातृभाषा म्हणून हिंदी नोंदवली. आर्य समाजी वर्तुळाचा तसा आग्रहच होता. पुढे न्या. जे. सी. शाह यांच्या आयोगाने 1966 साली सीमा आखताना हेच आकडे आधाराला घेतले आणि चंदीगडसह खरड तहसील बहुमताने हरियाणाला द्यायची शिफारस केली. केंद्राने ती न मानता शहर स्वतःकडे ठेवले. 1985च्या राजीव-लोंगोवाल करारानुसार 26 जानेवारी 1986 रोजी ते पंजाबला मिळायचे होते, तेही झाले नाही. आज ते दोन्ही राज्यांची राजधानी आहे आणि त्याच्या प्रशासनाची भाषा इंग्रजी आहे.

‘पॉप्युलिस्ट’ हे नाव मुळात शेतकऱ्यांच्या पक्षाचे. 1892 साली ओमाहा येथे अमेरिकेच्या पीपल्स पार्टीने आपला जाहीरनामा मांडला. रेल्वे सरकारच्या मालकीची करावी, चढत्या दराने प्राप्तिकर लावावा, अशा त्यातल्या मागण्या. म्हणजे बोट वर. पण त्याला जोडलेल्या ठरावांत बाहेरून येणाऱ्या गरीब स्थलांतरितांविरुद्धही एक ठराव होता. बोट बाजूला वळण्याची सोय तेव्हापासूनच होती. म्हणून पॉप्युलिझमची चांगला आणि वाईट अशी वाटणी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. एकाच चळवळीत दोन्ही दिशा असतात आणि अपेक्षाभंगानंतर कोणती बळावते, हे इतिहासात पाहावे लागते.

सप्टेंबर 2024 मध्ये आमच्या सेक्टर 34च्या मैदानावर पंजाबच्या शेतकरी आणि शेतमजूर संघटना कृषी धोरणासाठी धरणे धरून बसल्या होत्या. जमीन असलेला आणि नसलेला यांना एकाच ‘लोकां’त बसवणे सोपे नसते, तिथे निदान तसा प्रयत्न होता.

‘लोकानुनय’ हा शब्द मी टाकून देणार नाही. निवडणुकीआधीच्या कर्जमाफीला तो चपखल बसतो. पण ‘लोक कोण’ हे ठरवणाऱ्या राजकारणासाठी मी ‘पॉप्युलिझम’ हाच शब्द देवनागरीत ठेवते, म्हणजे वाचक तिथे थांबेल आणि विचारेल. आता 2027ची जनगणना येते आहे. प्रगणक आमच्याही दाराशी येईल आणि मातृभाषा विचारेल. मी मराठी सांगेन. त्या उत्तरावरून मी कोणत्या लोकांत मोडते, हे मात्र दुसऱ्या कोणी ठरवू नये.