ध्यास धरायला वेळ कुणाकडे?



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एकीनं विचारलं, "ध्यान करा म्हणतात, पण पहाटे पाणी, मग भाकरी, मग रान. रात्री डोळे मिटले की झोपच लागते. बाईला कुठलं आलंय ध्यान?" आम्ही सगळ्या हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न काही पाठ सोडेना. म्हणून आज त्याचीच जुनी गोष्ट सांगतो.

ध्यास हा शब्द आपण रोज वापरतो. कुणाला पोरीच्या शिक्षणाचा ध्यास, कुणाला स्वतःच्या घराचा. याच शब्दाच्या घराण्यातला मोठा शब्द म्हणजे निदिध्यास. तो बृहदारण्यक उपनिषदात भेटतो, आणि तिथं तो एका बाईला सांगितलाय. याज्ञवल्क्य ऋषी घर सोडून निघाले. मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन बायकांमध्ये मालमत्तेची वाटणी करू म्हणाले. मैत्रेयीनं विचारलं, सगळी पृथ्वी धनानं भरून मला दिली तर मी अमर होईन का? ऋषी म्हणाले, नाही. मग ते धन घेऊन काय करू, असं ती म्हणाली. तेव्हा त्यांनी तिला सांगितलं की आत्मा जाणून घ्यायचा. त्यासाठी आधी ऐकायचं, मग ऐकलेलं मनात घोळवायचं, मग त्याचाच निदिध्यास धरायचा. पुढं पतंजलींच्या योगसूत्रांत अभ्यासाच्या अटी आल्या: पुष्कळ काळ, खंड न पाडता, आदरानं.

कात्यायनीबद्दल तिथं एवढंच म्हटलंय की तिला बायकांना असते तेवढीच समज होती. आम्हाला हे खटकतं. मैत्रेयी प्रश्न विचारत होती तेव्हा चूल कोण बघत होतं?

नंतरच्या काळात तर वेद बाईच्या कानावर पडणंच बंद झालं. मैत्रेयीला जे समोर बसवून सांगितलं, ते तिच्या लेकीसुनांना ऐकायलाही मनाई झाली. ऐकणं ही पहिली पायरी. तीच काढून घेतली, मग पुढं चढायचं कसं?

हा प्रश्न आपल्या मराठीत रोखठोक विचारणारी बाई म्हणजे संत बहिणाबाई. जळगावकडच्या, ओव्या रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, त्या खूप अलीकडच्या. ही बहिणाबाई १६२८ सालची, वेरूळजवळच्या देवगावची. खेळायच्या वयात तिचं लग्न झालं, तेही तिशीतल्या बिजवराशी. घरच्या भांडणांमुळे माहेर-सासरची माणसं गाव सोडून फिरत फिरत कोल्हापूरला आली. तिथं जयरामस्वामींच्या कीर्तनात तिला तुकोबांचे अभंग ऐकायला मिळाले. संस्कृताचं दार बंद होतं, पण कीर्तन मराठीत होतं.

म्हणजे ऐकणं झालं. मग अभंग मनात घोळू लागले. तिचा एक लाडका वासरू होता, तो तिच्यामागं कीर्तनालाही यायचा. तो मेला आणि ती दुःखानं बेशुद्ध पडली. त्या अवस्थेत तुकोबांनी दर्शन देऊन उपदेश केला, असं ती सांगते. तुकोबा तेव्हा हयात होते, दूर देहूला. तिनं त्यांना पाहिलेलंही नव्हतं.

नवरा वेदपाठी ब्राह्मण. लोक बायकोला बघायला येऊ लागले आणि तो पेटला. त्यानं तिला बांधून मारलं. शूद्राला गुरू मानते म्हणून गरोदर बायकोला टाकून निघायची तयारी केली. मग तोच आजारी पडला. तिनं रात्रंदिवस त्याची सेवा केली, तो बदलला आणि दोघं देहूला गेली.

हे सगळं तिनं स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलंय. त्या काळात एका बाईनं आपल्या संसाराची हकिगत अशी उघड मांडली, हे आम्हाला तिच्या दर्शनाइतकंच मोठं वाटतं. खरं सांगायचं तर नवऱ्याची सेवा हाच धर्म असंही ती वारंवार म्हणते, आणि तिथं आमचं तिच्याशी जमत नाही. पण मार खाल्ला म्हणून तिनं ध्यास सोडला नाही, आणि ध्यास धरला म्हणून घरही सोडलं नाही. डोळे मिटून बसायला वेगळी खोली तिला कुणी दिली नव्हती. पोरं, गोठा, आजारपण यांतूनच तिचं नामस्मरण चाललं. दळताना हात फिरत राहतो आणि ओवी आपली आपण ओठांवर येते, ते आपल्यातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. खंड न पाडता म्हणजे काय, ते आम्हाला त्यावरूनच थोडं कळलं.

पुढं तिनं वज्रसूची हा जातीचा अभिमान खोडून काढणारा संस्कृत ग्रंथ मराठीत आणला. ज्या भाषेचं दार तिला बंद होतं, त्याच भाषेतला!

१७०० साली वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला तिनं देह ठेवला. त्याआधी मुलाला, विठोबाला, जवळ बोलावून आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिगत सांगितली. हा तेरावा, म्हणाली, आणि शेवटचा.