इथिओपियातील चर्चभोवतीची वने

इथिओपियाच्या उत्तर पठारावर, विशेषतः ताना सरोवराच्या पूर्वेस, नांगरलेल्या शेतांच्या आणि चरून उजाड झालेल्या माळांच्या मधोमध जी हिरवी बेटे दिसतात, त्यांच्या मध्यभागी बहुधा ऑर्थोडॉक्स तेवाहेदो पंथाचे चर्च असते. चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना ख्रिस्ती झाल्यानंतर या भूमीत रुजलेल्या परंपरेत प्रत्येक चर्चच्या गाभाऱ्यात ‘ताबोत’, म्हणजे मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांच्या पाट्यांचे प्रतीक असलेली अभिषिक्त पाटी, ठेवली जाते, आणि तिचे पावित्र्य भिंतींपाशी न थांबता आवारातील वृक्षांपर्यंत पोहोचते, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच तेथील जुनिपर आणि रानऑलिव्ह ही झाडे गावकरी स्वतःच्या सरपणासाठी तोडत नाहीत आणि त्यांच्याच सावलीत आपल्या मृतांना पुरतात. पर्यावरणनीतीची आधुनिक परिभाषा जन्मण्याच्या कितीतरी आधी या श्रद्धेने वने राखली, हे तिचे खरे मोल होय. १९७५ मध्ये देर्ग या लष्करी राजवटीने ग्रामीण जमिनीचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा चर्चची शेतजमीन गेली, पण आवारातील अनेक वने उरली. पुढे वन-परिसंस्थेचे अभ्यासक अलेमायेहू वासी आणि अमेरिकन संशोधक मार्गारेट लोमन यांनी धर्मगुरूंना उपग्रहचित्रे दाखवून वनांचा होत असलेला संकोच समजावला, आणि अनेक ठिकाणी गावकऱ्यांनी शेतांतील दगड वेचून वनांभोवती गुरांना अडवणारे गडगे रचले.