बोगनवेल

(बुगनवेल, कागदी फूल, लॅटिन बुगनविलिया, कुल निक्टॅजिनेसी). गुलबक्षी व पुनर्नवा यांच्या कुलातील काटेरी, बहुवर्षायू, आधाराने चढणारी शोभिवंत वेल. मूळ प्रदेश ब्राझील, पेरू व दक्षिण अमेरिकेचा लगतचा भाग. कडाक्याची थंडी व दहिवर तिला सोसत नाही. थंड देशांत ती काचघरात वाढवतात. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात ती उघड्यावर बारमाही टिकते. प्रस्तुत नोंदीत नागपूर व परिसरातील लागवडीचा विशेष विचार केला आहे.

वर्णन : पाने साधी, एकाआड एक, अंडाकृती व टोकदार. पानांच्या बगलेत काटे असतात. हे काटे म्हणजे रूपांतरित उपशाखा होत. वेलीला प्रताने (ताणे) नसतात, त्यामुळे ती काट्यांच्या साहाय्याने जवळच्या झाडाझुडपात अडकत वर जाते. भिंतीवर किंवा मांडवावर मात्र फांद्या बांधाव्या लागतात. ज्याला सर्वसाधारणपणे फूल म्हटले जाते ती तीन रंगीत छदे (फुलांलगतची पानांसारखी उपांगे) असतात. खरी फुले लहान, नळीसारखी, पांढुरकी असून प्रत्येक छदाच्या मध्यशिरेला एक याप्रमाणे चिकटलेली असतात. छदांचा किरमिजी, जांभळा, नारिंगी वा पिवळा रंग बेटालेन वर्गातील रंगद्रव्यांमुळे येतो. गुलाब, जास्वंद इत्यादींच्या लाल रंगामागील अँथोसायानिने या कुलात आढळत नाहीत. बीटच्या कंदाचा रंगही बेटालेनांचाच होय.

इतिहास : लुई आंत्वान द बुगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रदक्षिणेत (१७६६–६९) फिलिबेर कोमेर्साँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने रिओ द जानेरोजवळ १७६७ मध्ये ही वनस्पती गोळा केली व मोहिमेच्या प्रमुखाचे नाव तिला दिले. पुरुषवेशात प्रवास करणारी त्याची साहाय्यक झान बारे हिने ती प्रथम पाहिली, असे काही लेखक मानतात. प्रजातीचे वर्णन आंत्वान लोराँ द झ्यूस्यू याने १७८९ मध्ये प्रसिद्ध केले. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, साधारण १८६० च्या सुमारास आली, असे सामान्यतः मानले जाते.

जाती व वाण : प्रजातीतील जातींच्या संख्येबाबत एकमत नाही. बागेत महत्त्वाच्या जाती तीन : बु. स्पेक्टॅबिलिस (लवदार पाने, जोमदार वाढ), बु. ग्लॅब्रा (गुळगुळीत, चकचकीत पाने, दीर्घ फुलोर) आणि बु. पेरुव्हियाना. यांपैकी ग्लॅब्रा व पेरुव्हियाना यांच्या नैसर्गिक संकरातून बु. बटियाना हा संकर झाला असावा. त्याचा मूळ वाण ‘मिसेस बट’ कोलंबियातील कार्ताहेना येथे आढळला व १९१० मध्ये त्रिनिदादला नेण्यात आला. आज बागांतून दिसणाऱ्या किरमिजी, नारिंगी व बहुछदी वाणांपैकी पुष्कळांचे मूळ या एका झाडापर्यंत पोहोचते.

‘मिसेस बट’ व तिचे अनेक वंशज वंध्य आहेत. त्यांना बी धरत नाही. म्हणून नवे वाण प्रामुख्याने अंकुर-उत्परिवर्तनातून, म्हणजे एखाद्याच फांदीला वेगळ्या रंगाची छदे आल्यावर ती फांदी कलमाने वेगळी करून मिळाले. कोलकात्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत मिळालेला ‘मेरी पामर’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना. त्याच्या एकाच फांदीवर पांढरी व गडद गुलाबी छदे येतात, क्वचित एकाच गुच्छात दोन्ही रंग दिसतात. त्यापासून निघालेल्या ‘थिम्मा’ची छदे तशीच द्विरंगी असून पानांवर पिवळे पट्टे असतात, ‘शुभ्रा’ची छदे पूर्ण पांढरी असतात. ‘महारा’ या बहुछदी वाणात खऱ्या फुलांची जागाही छदांनीच घेतलेली असते. ती वाळल्यावरही गळत नाहीत. झुबके हाताने काढावे लागतात.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात (१९७८ पासून राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था) त्रिलोकीनाथ खोशू व सहकाऱ्यांनी बोगनवेलीच्या गुणसूत्रांचा पद्धतशीर अभ्यास केला. कॉल्चिसीन हे रसायन वापरून गुणसूत्रांची संख्या दुप्पट केल्यास वंध्य वाणांची प्रजननक्षमता काही प्रमाणात परत मिळते, असे त्यात दिसून आले. ‘बेगम सिकंदर’ व ‘वाजिद अली शाह’ हे वाण याच संस्थेचे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत बेंजामिन पिअरी पाल यांनी बोगनवेलीवर काम केले व ग्रंथ लिहिला. वाणांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचे कामही या संस्थेकडे सोपविण्यात आले.

हवामान : कोवळे शेंडे शून्य अंश से.च्या आसपास करपतात. तापमान त्याखाली बराच काळ राहिल्यास वरचा भाग मरतो; जाड खोड किंवा मुळे वाचल्यास पुन्हा फूट येते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात दहिवर गोठते, तशा जागी ती जोखमीची. नागपूर शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३·५ अंश से. इतके उतरले. तेथील हा नीचांक होय. पूर्वीचा नीचांक ३·९ अंश से. (७ जानेवारी १९३७). अशा थंडीत पाने पिवळी पडून गळतात, पण वेल मरत नाही. ही पानगळ रोग समजून औषध फवारण्याची गरज नसते. रोपे व कुंड्या अशा रात्री भिंतीच्या आडोशाला ठेवाव्यात. डिसेंबरात छाटणी किंवा नत्रखत टाळावे, कारण त्यामुळे येणारी कोवळी फूट नेमकी थंडीत सापडते. उन्हाळ्याचा त्रास त्याहून कमी. २३ मे २०१३ रोजी येथे ४७·९ अंश से. तापमान नोंदले गेले. मुळे स्थिरावलेल्या वेली असे उन्हाळे काढतात.

जमीन : नागपुरात थंडीपेक्षा पाणी हेच बोगनवेल बिघडण्याचे नेहमीचे कारण. जुन्या जमाबंदीत येथील जमिनींचे काळी, मोरंड, खरडी, बरडी असे प्रकार केले जात. पैकी उथळ, मुरमाड बरडी पिकाला हलकी, पण या वेलीला सोयीची. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात व उन्हाळ्यात भेगांतून मुळे तुटतात. अशा ठिकाणी ६० सेंमी. लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तळाशी मुरूम घालावा, काळ्या मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे आणि रोप सभोवारच्या जमिनीपेक्षा किंचित उंच वरंब्यावर लावावे. चुनखडीच्या जमिनीत नवी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्यास ती लोहाची कमतरता समजावी.

ताण : नागपूरच्या संत्र्याच्या बागेत अंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृग बहारासाठी मे महिन्यात पाणी तोडतात. बोगनवेलीलाही पाण्याचा असा ताण दिल्यास फुलोर येतो. पाऊस संपल्यावर जमिनीतील जुन्या वेलीचे पाणी दोन-तीन आठवडे तोडावे, कुंडीतील वेलीचे पाने किंचित मलूल होईपर्यंत. मग हलकी चाळणी करून खत द्यावे व पाणी सुरू करावे. बेताचे, वरची दोन बोटे माती सुकल्यावर दिलेले पाणी पुरते. दिवस लहान होण्याचाही फुलोरावर परिणाम होतो. पाणी व दिनमान यांपैकी कशाचा वाटा अधिक, याबाबत मतभेद आहेत. भर उन्हाळ्यात कूलरच्या निथळत्या पाण्याखाली असलेली वेल हिरवीगार वाढते, पण छदे धरत नाही. त्याच घराच्या फाटकावरची, पाण्याविना राहिलेली वेल मात्र रंगाने भरलेली असते. रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. मुख्य फुलोर थंडीच्या अखेरीपासून मेपर्यंत. पावसाळ्यात पानांचीच वाढ.

छाटणी व अभिवृद्धी : छदे नव्या फुटीवर येतात. फुलोर ओसरल्यावर, पावसाच्या तोंडावर मुख्य छाटणी करतात. पाऊस संपताच शेंडे खुडतात. पेन्सिलीच्या जाडीची, १५–२० सेंमी. लांबीची पक्व छाटकलमे फेब्रुवारीत किंवा पावसाळ्यात लावतात. सहज मुळे न धरणाऱ्या वाणांसाठी गुटी कलम किंवा डोळा भरणे सोयीचे. मुळे नाजूक असल्याने रोप हलवताना मातीचा गोळा फुटू देऊ नये.

कीड : पिठ्या ढेकूण, मावा.

उपयोग : कुंपण, कमान, मांडव, रस्त्याचे दुभाजक व बोन्साय. गुरे सहसा तोंड लावत नाहीत. पूजेत वापर नाही.

औषधी गुण : बु. स्पेक्टॅबिलिसच्या पानांत पिनिटॉल हे संयुग आढळले असून रक्तशर्करेवरील त्याच्या परिणामाचा प्राण्यांवर अभ्यास झाला आहे.